चौदावा दाखला

१

कपाटाला कुलूप होतं, कुलपाला साधा ओरखडाही नव्हता, आणि आत फाइल नव्हती.

हे सांगायला दुधना महाविद्यालयाचे हेडक्लार्क वामनराव सोमवारी सकाळी ग्रंथालयात आले, तेव्हा अरुंधतीबाई फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसल्या होत्या. चोवीस वर्षं त्या या कॉलेजच्या ग्रंथपाल होत्या. हरवलेल्या वस्तू शोधण्याचा ठेका आपल्याच नावावर लिहिलेला आहे, अशी त्यांची आता खात्री झाली होती. प्राध्यापकांच्या चष्म्यापासून प्राचार्यांच्या छत्रीपर्यंत जे जे हरवे, त्याचं गाऱ्हाणं अखेर त्यांच्याच टेबलाशी येई. म्हणून त्यांनी मान वर न करताच कोणती फाइल ते विचारलं.

"तुमच्या फुटबॉलवाल्या पोरींची," वामनराव म्हणाले. 'तुमच्या' या शब्दावर त्यांनी जरा जास्तच भार दिला.

फुटबॉल अरुंधतीबाईंचा कधीच नव्हता. गेल्या वर्षी, म्हणजे शहाण्णवच्या जूनमध्ये, प्राचार्यांनी दुर्गा महिला फुटबॉल क्लबाशी एक करार केला. खेड्यापाड्यातल्या मुलींना कॉलेजने अकरावी-बारावीला प्रवेश द्यायचा, वसतिगृहात फुकट ठेवायचं आणि मैदान द्यायचं. क्लबाने त्यांना खेळाडू म्हणून घडवायचं. क्लबाला नव्या दमाच्या पोरी मिळतील आणि कॉलेजला संघ. कागदावर सगळं गोजिरं होतं. समन्वयक व्हायला मात्र एकही प्राध्यापक तयार होईना. ग्रंथपालाला नाही म्हणायची सोय नसते, म्हणून ते लोढणं बाईंच्या गळ्यात आलं. दीड वर्षात त्यांना ऑफसाइड कळला नव्हता, पण चौदा मुलींपैकी कुणाला दूध चालत नाही आणि कुणाला गणित जमत नाही हे पाठ झालं होतं. माणूस अडकतो तो असा.

हरवलेल्या फाइलीत त्या चौदा जणींचे शाळा सोडल्याचे मूळ दाखले होते. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ते औरंगाबादला दाखवायचे होते. अठरा वर्षांखालील मुलींची राज्य निवड स्पर्धा होती, आणि एक जानेवारी ऐंशीला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच त्यात चालणार होत्या. मूळ दाखला नाही तर खेळाडू नाही. खेळाडू नाहीत तर संघ नाही. आणि करारात एक कलम होतं की कुठल्याही एका वर्षी संघ उतरला नाही तर करार संपला. मग चौदा जणींनी वसतिगृह खाली करून घरी जायचं.

घरी गेल्यावर काय, ते सांगायला ज्योतिषी नको होता. नोव्हेंबर अर्धा सरला होता, तुळशीचं लग्न लागून गेलं होतं आणि मुहूर्त मोकळे झाले होते.

बाईंनी खळीचे हात पुसले. फाइल शेवटची कधी पाहिली, असं त्यांनी विचारलं. शनिवारी दुपारी एक वाजता, वामनराव म्हणाले. आणि कपाटाची किल्ली? ती नेहमीसारखी कॅलेंडरमागच्या खिळ्याला.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

वामनराव जरा घुटमळले. "माहीत नसलेला माणूस शोधणं सोपं जाईल," ते म्हणाले.

२

वामनरावांना हा करार डोळ्यासमोर नको होता आणि ते लपवतही नव्हते. ऑफिसात बसून त्यांनी बाईंपुढे सगळी भडास ओकली. या मुलींचे प्रवेश तात्पुरते, म्हणून प्रवेश रजिस्टरात त्यांच्या जन्मतारखेचा रकाना त्यांनी अजून भरलाच नव्हता. दाखल्यांच्या झेरॉक्स काढायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून काढल्या नव्हत्या. बाईंनी कपाळाला हात लावला. चौदा मुलींचं वय सांगणारा दुसरा एकही कागद कॉलेजात नव्हता.

निष्काळजी म्हटल्यावर मात्र वामनराव भडकले. जुलैत छत गळलं तेव्हा या फाइलीचं पार भिजकं फडकं झालं होतं. चौदाच्या चौदा दाखले त्यांनी स्वतः व्हरांड्यात दगडाखाली ठेवून वाळवले. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्याला चहासारखा डाग राहिला, पण अक्षर एकाचंही गेलं नाही. मग त्यांनी ते दोऱ्याने शिवले आणि गाठीवर लाख लावली. एवढं करणाऱ्याला निष्काळजी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

शनिवारी दुपारी ऑफिसात तिघे येऊन गेले होते. क्लबाचे प्रशिक्षक साहेबराव चेंडूंची जाळी न्यायला आले. क्लबाचे उपाध्यक्ष रखमाजी मास्तर नेहमीसारखे चहाला आले. तिसरा आला तो नंदाचा बाप, बद्रीनाथ. वाटूरजवळच्या आमलेवाडीचा हा शेतकरी बाप पोरीची टीसी मागत होता. प्राचार्यांच्या सहीशिवाय मिळणार नाही असं सांगून वामनरावांनी त्याला वाटेला लावलं होतं.

नंदा म्हणजे संघाची आघाडीची खेळाडू. चौदा गोलांपैकी नऊ तिचे, एवढा हिशेब तर बाईंनाही कळत होता.

बाई तशाच वसतिगृहावर गेल्या. अधीक्षक गिरिजाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्याकडून एक गोष्ट काढायला गेलं की चार जास्तीच्या पदरात पडत.

"सोयरीक आल्ती नंदीला," गिरिजाबाई म्हणाल्या. "पोरगा पोलिसात लागलाय. त्याहिचं म्हणनं, पोरगी अठरा पुरी हे असा शाळेचा कागद दाखवा, मंग सुपारी. नोकरीचा सवाल हे म्हणं. बाप दोन घंटे लिंबाखाली बसून राह्यला. पोरगी सराव सोडून आलीच न्हाई."

मग त्या आपल्या आवडत्या तक्रारीवर घसरल्या. मुलींचे वाढदिवस करा असं कॉलेजचं फर्मान होतं. पण करायचे कसे? खेड्यात पोर शाळेत घालायला आणलं की आईबाप सांगणार, दुष्काळाच्या साली झालं, नाहीतर धाकट्या दिराच्या लग्नात झालं. हेडमास्तर सहा वर्षं मागे मोजणार आणि एक जून टाकून मोकळे होणार. तेरा पोरींचा वाढदिवस एकाच दिवशी, तोही सुट्टीत. एकट्या नंदाचा तेवढा आठ ऑक्टोबरला येई, तेव्हा गिरिजाबाई सगळ्यांना शिरा करून घालत. सर्वपित्री अमावास्येला घनसावंगीच्या दवाखान्यात झालेली पोर. घरात पितरांचं पान वाढलेलं आणि आई तिकडे कळा देत होती, त्यामुळे तारीख कुणी विसरायचा प्रश्नच नव्हता.

बाईंना त्या वेळी तारखांत काडीचा रस नव्हता. त्यांच्या डोक्यात एकच भुंगा शिरला होता. दाखला हवा होता बद्रीनाथला, तो मिळाला नव्हता बद्रीनाथला, आणि त्याच दुपारी फाइल गेली होती.

३

साहेबराव एमआयडीसीतल्या एका रीरोलिंग मिलमध्ये फिटर होते. पहिली पाळी संपवून दुपारी मैदानावर येत. बातमी ऐकून त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून जमिनीवर आपटली. त्यांच्या मते हे काम वामनचं, बिलकुल वामनचं. मैदानाच्या दगड-गोट्यांसाठी भांडा, जाळ्यांसाठी भांडा, पोरींना दूध मिळावं म्हणून भांडा, आणि आता कागदासाठीही भांडा. फौजेत असताना नुसता दुश्मनाशी सामना होता, ते बरं होतं, असं ते म्हणाले.

बाईंना त्यांची दया आली आणि रागही आला. ओरडून फाइल सापडत नसते.

रखमाजी मास्तर मैदानाच्या कडेला सिमेंटच्या बाकावर बसले होते. पांढरा पायजमा, टोपी, मांडीवर कापडी पिशवी. याच मे महिन्यात ते आमलेवाडीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. या योजनेत जीव होता तो त्यांच्यामुळे. चौदाही मुली त्यांनी घरोघर जाऊन आणल्या होत्या. चड्डी घालून पोरी पळणार म्हटल्यावर अंगावर धावून आलेले बापसुद्धा मास्तरांच्या शब्दावर गप्प झाले होते. बाईंना या माणसाबद्दल फार आदर होता. कॉलेजातल्या सगळ्या डिग्ऱ्या एका पारड्यात टाकल्या तरी मास्तर जड भरतील असं त्या म्हणत.

मास्तरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. शनिवारी आपण चहा पिऊन लगेच निघालो, काही पाहिलं नाही, असं ते म्हणाले. बाईंच्या तोंडून वाढदिवसांची गोष्ट निघाली तेव्हा मास्तर हसले.

"निम्म्या तालुक्याला वाढदिवस मीच वाटला, बाई. चौतीस वर्सं. पोरगं समोर आलं की हात आपोआप एक जून लिहायचा."

निघताना त्यांनी एक सल्ला दिला. ऑफिसात गोंधळ असतो, कागद इकडचे तिकडे जातात, तुमच्या ग्रंथालयातही एकवार बघा. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं व्हायला नको.

त्या संध्याकाळी बाईंनी ग्रंथालय उलथंपालथं केलं. कपाटांच्या माथ्यापासून जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगापर्यंत एकही जागा सोडली नाही. हाती धूळ तेवढी आली.

मंगळवारी दुपारी त्याच वर्तमानपत्रांच्या ढिगात, वरून तिसऱ्या अंकाखाली, फाइल पडलेली होती.

४

प्राचार्य हसले. वामनरावांना मेमो मिळाला. साहेबरावांनी मुलींना मैदानाच्या दोन फेऱ्या माफ केल्या. सगळ्यांच्या जिवावरचा धोंडा उतरला आणि तो जसाच्या तसा अरुंधतीबाईंच्या छातीवर येऊन बसला.

तो ढीग सोमवारी त्यांनी स्वतःच्या हाताने उपसला होता. फाइल तिथे नव्हती, म्हणजे कुणीतरी ती मंगळवारी आणून ठेवली. हे त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, मिळाली ना, मग आता कशाला उकरता. वामनरावांना सांगितलं, तर ते मेमो हातात धरून रडकुंडीला आले होते. साहेबरावांनी तर ऐकूनही घेतलं नाही. एखादी गोष्ट आपल्यालाच दिसावी आणि बाकी सगळ्यांनी आनंदात असावं, यासारखा ताप नाही.

फाइलीच्या गाठीवरची लाख फुटली होती आणि दोरा पुन्हा ओवलेला होता. बाईंनी दाखले मोजले. चौदा. पुन्हा मोजले. चौदाच. नावं ताडून पाहिली, एकही कमी नाही. जन्मतारखांवरून नजर फिरवली. एक जून, एक जून, एक जून. त्यांना हसू आलं आणि त्यांनी फाइल साहेबरावांच्या हवाली केली.

चोराने वस्तू नेली आणि साबूत परत केली. मग नेली कशाला? ग्रंथालयातला अनुभव असा की पुस्तक न सांगता नेणारा ते गुपचूप परत ठेवतो तेव्हा आतलं एक पान कापलेलं असतं. इथे तर पानं पूर्ण होती. त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही.

बुधवारी सकाळी स्पर्धेचा अर्ज भरता भरता साहेबराव ग्रंथालयात आले. या खेपेला ते ओरडत नव्हते.

"नंदा बसत न्हाई, बाई," ते म्हणाले. "एक जून एकोणऐंशी. सात महिन्यांनी जास्त भरली."

बाईंनी अर्ज हातात घेतला. मग त्यांना शिरा आठवला.

५

गिरिजाबाई म्हणाल्या होत्या तेरा पोरी. तेरा जणींचा एक जून. आणि बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी चौदा एक जून पाहिले होते, वर हसल्या होत्या. स्वतःवरच त्या इतक्या चिडल्या की हातातली पेन्सिल मोडली.

नंदाला बोलावलं. ती मैदानावरून तशीच आली, गुडघ्याला माती. आठ ऑक्टोबर ऐंशी, तिने सरळ सांगितलं. शाळेच्या दाखल्यावरही तेच होतं, पोरी त्यावरून तिला शहरवाली म्हणून चिडवत. आता दाखल्यावर वेगळं आहे हे ऐकून ती गुडघ्यावरची माती खरवडू लागली. मग म्हणाली, "मला घरी न्यायचं ठरलंच का मंग?"

साहेबरावांकडून फाइल परत मागून घेऊन बाईंनी दाखले खिडकीच्या उजेडात एकाशेजारी एक मांडले. तेरा कागदांच्या उजव्या कोपऱ्याला चहासारखा डाग होता. चौदाव्याचा कोपरा स्वच्छ होता. नंदाचा जुना कागद काढून त्या जागी कोरा छापील दाखला नव्याने भरून बसवला होता. आकडा खोडून भागलं नसतं, कारण जन्मतारीख खाली अक्षरातही लिहिलेली असते. खाली हेडमास्तर म्हणून रखमाजी मास्तरांची सही होती आणि ती चांगली सराईत वाटत होती.

दुपारी बद्रीनाथ पुन्हा टीसी मागायला आला. साहेबराव त्याच्या अंगावर जाणार होते. बाईंनी त्यांना मैदानावर पिटाळलं आणि बद्रीनाथला खुर्ची दिली. तो जमिनीवरच बसला. फाइल तूच नेलीस का, असं त्यांनी विचारलं.

"मी कशाला चोरू, बाई? मला अक्षर येत न्हाई. चौदा कागदात माझ्या पोरीचा कोनता, ते बी दुसऱ्याला इचारावं लागंल." त्याच्या आवाजात राग कमी आणि शीण जास्त होता. "अन् मला चोरी करायची गरजच काय? मास्तरनं मारुतीच्या पारावर चार मान्सात शब्द देल्ता. दोन वर्सं खेळू दे, अन् सोयरीक आली की पोरगी माघारी. त्या शब्दावर पोरगी देली म्या. शनिवारी मास्तरला तेच म्हणलं. तुम्ही शब्द पाळत नसाल तर मी गावोगाव सांगतो, म्हणलं."

मास्तर काय म्हणाले, असं बाईंनी विचारलं.

"बघतो म्हणले."

६

गुरुवारी सकाळी बाई मैदानावर गेल्या. मुली धावत होत्या. मास्तर त्यांच्या बाकावर होते, पिशवी मांडीवर. बाई शेजारी बसल्या. रात्रभर मनात घोळवलेला राग जिभेवर आणायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

फाइल नेणाऱ्याने ती परत आणून ठेवली, तिथूनच मी सुरुवात केली, त्या म्हणाल्या. वामनरावांना हा करार नको होता. त्यांनी नेली असती तर ती शुक्रवार उलटेपर्यंत मिळाली नसती. साहेबराव आपल्या नऊ गोलांच्या पोरीला स्वतःच्या हाताने बाद करणार नाहीत. बद्रीनाथला फक्त आपली पोरगी हवी होती. बाकीच्या तेरा जणी खेळल्या काय, न खेळल्या काय, त्याला सोयरसुतक नव्हतं. तो फाइल परत ठेवायला कशाला येईल? ज्याने हे केलं त्याला दोन्ही गोष्टी हव्या होत्या. नंदा बाहेर जायला हवी होती आणि संघ उतरायला हवा होता.

मास्तर पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागले.

"तरी माझी खात्री होत नव्हती," बाई पुढे म्हणाल्या. "पण त्या माणसाला फक्त वर्ष बदलायचं होतं. आठ ऑक्टोबर ऐंशीचं आठ ऑक्टोबर एकोणऐंशी केलं असतं तरी पुरत होतं. पोरगी गेल्याच महिन्यात अठरा पुरी झाली असती, स्पर्धेतूनही गेली असती, आणि मला जन्मात काही कळलं नसतं. मूळ कागद समोर असताना त्याने तारीख आणि महिनाही बदलला. कशासाठी? काही कारण नाही, मास्तर. खेड्यातल्या पोरीचा दाखला समोर आला आणि हाताने आपोआप एक जून लिहिला. असा हात या सगळ्यांत एकाचाच आहे. सहीसुद्धा खोटी नाही. ती तुम्हीच केली आहे."

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. लिहून झाल्यावर वाचूनही पाहिलं नाही, असं ते पुटपुटले. चौतीस वर्षांत आपण लिहिलेला दाखला कधी वाचून पाहिला नव्हता.

मग त्यांनी पिशवीतून एक घडी काढली. उजव्या कोपऱ्याला डाग असलेला नंदाचा मूळ दाखला. जाळून टाकायला काडी पेटवली होती, म्हणाले, पण हेडमास्तरचा हात शाळेच्या कागदाला काडी लावेना.

"बाई, तुम्हाला वाटत असंल, म्हातारा लबाड हे. ठीक हे. पण हिशेब बघा. या चौदा पोरी माझ्या तोंडाकडं बघून आल्या. बद्रीनाथ गावोगाव फिरला की तेराचे बाप हिकडं येतील. पुढच्या साली एक पोरगी भेटणार न्हाई. एक गेली तर तेरा राहत्यात. मी काय स्वतःसाठी करून राह्यलो का?"

बाईंना हा युक्तिवाद रात्रीच सुचून गेला होता, आणि त्यांना त्याचं उत्तर सापडलं नव्हतं. हेच त्यांना सगळ्यात जास्त झोंबत होतं. माणूस स्वार्थी निघाला असता तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं.

मास्तरांनी दाखला बाकावर दोघांच्या मध्ये ठेवला. नेला तर एक वाचते, ठेवला तर तेरा वाचतात, तुम्हीच ठरवा, ते म्हणाले.

बाईंनी मैदानाकडे पाहिलं. नंदा कुठली ते त्यांना लांबून ओळखू येईना. सगळ्या पोरी सारख्याच घामाघूम होत्या.

"तुम्ही शब्द दिलात, तेव्हा तिला विचारलं होतं?" बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"मग बाकीच्या तेराजणींच्या बापांनाही हाच शब्द दिलात, आणि त्या पोरींनाही नसेल विचारलं. म्हणजे मास्तर, तुम्ही तेरा वाचवत नाही. पाळीपाळीने एकेक देणार आहात."

त्यांनी दाखला उचलला आणि पदराने बाकावरची धूळ पुसावी तसा तो पुसून पर्समध्ये ठेवला.

७

शुक्रवारी औरंगाबादला चौदाही दाखले मान्य झाले. बाईंनी प्राचार्यांना मास्तरांबद्दल काही सांगितलं नाही. वामनरावांचा मेमो तेवढा हट्टाने रद्द करून घेतला आणि तो रद्द होताच वामनराव पुन्हा त्यांच्याशी फटकून वागू लागले.

नंदा सतरा वर्षांची आहे हे कागदानेच सांगितल्यावर पोलिसातल्या नवऱ्या मुलाने दुसरीकडे सुपारी फोडली. बद्रीनाथने आरडाओरडा केला नाही. तो फक्त बोलल्याप्रमाणे वागला. वाटूरच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर तो एकच वाक्य सांगत गेला, की मास्तरचा शब्द खोटा निघाला. संक्रांतीपर्यंत तीन बाप आले आणि तीन पोरी घेऊन गेले. त्यातली गोलकीपर जाताना हातमोजे गिरिजाबाईंकडे देऊन गेली. बाईंनी तिच्या बापाला दाराशी अडवून तासभर समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पोरीला जीपमध्ये बसवलं.

संघ अकरा जणींचा उरला. दुसऱ्याच सामन्यात एकीचा घोटा मुरगळला, बदली कुणी नव्हतं, आणि दहा जणी तीन गोलांनी हरल्या. साहेबराव शिट्टी फेकायचंही विसरले. रखमाजी मास्तरांनी क्लब सोडला. मैदानावरचा सिमेंटचा बाक रिकामा दिसे आणि बाईंना दर वेळी आपण काय साधलं हा प्रश्न पडे. आपण बरोबर होतो एवढं त्यांना ठाऊक होतं. त्याने कुणाचं पोट भरत नव्हतं.

प्राचार्यांनी एप्रिलमध्ये नवी अट घातली. जूनमध्ये दहा नव्या मुली आल्या तर करार पुढे चालेल, नाहीतर उरलेल्यांनीही आपापली सोय बघावी.

जूनचे पहिले दहा दिवस बाई प्रवेशाच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा घेऊन बसल्या. एकही मुलगी आली नाही. अकराव्या दिवशी त्यांनी गठ्ठा पिशवीत घातला आणि वाटूरची एसटी पकडली. आयुष्यात कधी कुणाच्या दारात काही मागायला गेलेल्या नव्हत्या. तीन गावांतली सोळा घरं झाली. कुणी चहा दिला, कुणी पाणी, कुणी नुसतंच दारातून बोललं. सगळ्यांनी एकच विचारलं, कुणाच्या शब्दावर पाठवायची? माझ्या, असं बाई म्हणत. लोक अदबीने मान हलवत आणि घरात जात. बाईंचा शब्द त्या मुलखात कुणी अजून वापरून पाहिला नव्हता.

आमलेवाडीला त्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या. बद्रीनाथचं घर टाळून जावं असं मनात होतं, पण ते वाटेवरच होतं. तो ओट्यावर बसला होता. बाईंना पाहून त्याने तोंड फिरवलं. आतून त्याची बायको झुंबरबाई बाहेर आली. नंदा बारावी पास झाली, बी.ए.ला नाव घालून तिथेच राहिली, हे तिला कळलेलं होतं. तिने बाईंना बसायला पोतं टाकलं आणि न विचारता कामाचंच बोलली.

"धाकटी हे माझी, उषा. दहावी झाली. तिला न्या."

बाईंनी ओट्याकडे पाहिलं. बद्रीनाथ हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. बाईंच्या तोंडून आपसूक तो शब्द येऊ लागला, की माझ्या शब्दावर—

"तुमच्या न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "मास्तरच्या बी न्हाई. नंदीनं सांगावा धाडला, हिला पाठीव, मी हाये हितं. तिच्या शब्दावर देते. अन् हिला बी इचारलंय म्या."

उषा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने मान डोलावली.

अरुंधतीबाईंनी अर्ज मांडीवर घेऊन तिथेच भरला. झुंबरबाईने अंगठा केला, उषाने सही केली. मग बाईंनी अर्जावर एक हा आकडा टाकला, गठ्ठ्यातले उरलेले कोरे अर्ज नीट बांधले आणि पुढच्या गावाला जाणारी जीप किती वाजता येते ते बद्रीनाथलाच विचारलं.